विद्या हातात उतरावी



गोदाकाठचे बासर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात आहे. मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे आपल्या बालकांना अक्षराभ्यासासाठी तेथील सरस्वतीपुढे आणतात. बाळाचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घेतात. विद्या नुसती कानी पडून पुरत नाही, ती हातात उतरावी लागते, असा त्या संस्काराचा अर्थ मला वाटतो. आजचा विषय आहे वैद्यकीय विद्यार्थी आणि रक्तदान. त्यालाही हाच अर्थ लागू पडतो.

आपल्या देशात अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाच्या पाहण्या झाल्या आहेत. त्यांत वारंवार आढळते ते असे की, माहिती बऱ्यापैकी आणि वृत्ती अनुकूल असूनही प्रत्यक्ष रक्त दिलेले विद्यार्थी थोडेच असतात. कोणाला सुईचे भय, कोणाला अशक्तपणाची धास्ती. कित्येकांना तर कोणी विचारलेलेच नसते!

ही धास्ती त्यांच्याच शास्त्रापुढे टिकत नाही. प्रौढ देहात सुमारे ५ लिटर रक्त असते. दात्याकडून ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात. त्यातील द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी काही आठवड्यांत. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या, किमान ४५ किलो वजनाच्या आणि १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी, तर स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते.

रक्त कारखान्यात तयार होत नाही आणि फार काळ साठवताही येत नाही. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. मग खेड्यातून बाळंतिणीला घेऊन आलेल्या माणसाने परक्या शहरात दाता कोठे शोधावा? त्याच्या हाती रक्ताची चिठ्ठी देणाऱ्या तरुण डॉक्टराने स्वतः कधी दंड पुढे केला असेल, तर त्याच्या शब्दाला निराळेच वजन येईल.

पहिल्याच वर्षी विद्यार्थी स्वतःचे बोट टोचून आपला रक्तगट ओळखावयास शिकतो. त्याच सुमारास त्याला रक्तपेढी दाखवावी आणि आपुलकीने विचारावे. सक्ती मात्र नको. सक्तीचे ते दान नव्हे. नांदेड-आदिलाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील मुलामुलींनो, हा प्रश्न कोणी विचारीपर्यंत थांबू नका. आज मीच तो तुम्हांला विचारीत आहे.