शोधशब्दांची तपासणी
जयपूरजवळच्या सांगानेरची ठसेछपाई आणि अजमेर रस्त्यावरील बगरूची, चिखलाच्या लेपाने कापडाचा ठरावीक भाग रंगापासून राखणारी दाबू छपाई, या दोन्हींची कापडे आता संकेतस्थळांवरूनही विकली जातात. तेथे पोहोचण्यासाठी ग्राहक शोधयंत्रात जे शब्द टंकतो, त्यांना शोधशब्द म्हणतात. हे शब्द शीर्षकात, आरंभीच्या परिच्छेदात आणि छायाचित्रांच्या वर्णनात सहजपणे आले आहेत की ओढूनताणून बसवले आहेत, हे मजकूर तपासताना पाहावे लागते. ‘जयपुरी चादर’ ही शब्दजोडी ओळीओळीत घातल्याने शोधनिकालांतील क्रमांक सुधारत नाही, उलट अशी शब्दभरती गूगलच्या नियमांत गैरप्रकार ठरून पान मागे पडू शकते. पानाच्या संगणकीय संहितेत दडवलेली शोधशब्दांची यादी तर क्रमवारीसाठी विचारात घेतली जात नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते. यंत्रावर छापलेल्या कापडाच्या पानावर ‘हातछपाई’ हा शब्द घालणे मात्र शब्दभरतीहूनही गंभीर, कारण त्यात ग्राहकाबरोबरच हाताने ठसेछपाई करणाऱ्या छिपा कारागिरांचीही हानी होते. कोणत्या शोधांत पान दिसले आणि त्यांतून ते किती वेळा उघडले गेले, हे गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात कळते; वारंवार दिसूनही न उघडल्या जाणाऱ्या पानाचे शीर्षक आणि वर्णन प्रथम तपासावे.