फरकांड्याचे झुलते मनोरे

आखाजीच्या सणाला खानदेशांतील सासुरवाशिणी माहेरीं येतात आणि झाडाझाडाला झोके बांधले जातात. झोका घेणाऱ्या मुलीला एक गोष्ट कोणी न शिकवितां ठाऊक असते: झोका उंच न्यावयाचा तर जोर थोडा असला तरी चालतो, पण तो नेमक्या वेळीं द्यावा लागतो. श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेविलें, म्हणजे याच खानदेशांतील एका नवलाचें मर्म समजणें अवघड नाहीं.

जळगांव जिल्ह्यांत, एरंडोल तालुक्यांत, फरकांडे नांवाचें गांव आहे. तेथें सुमारें २५० वर्षांपूर्वीं ५० फूट उंचीचे दोन मनोरे बांधले गेले, असें सांगतात. एक मनोरा हलविला कीं दुसराही आपोआप डोलूं लागे, अशी त्यांची ख्याति.

या चमत्काराचा उलगडा झोक्यावरून होतो. उंच व सडपातळ बांधकाम किंचित् लवतें आणि हलविल्यावर आपल्या ठराविक गतीनें मागेंपुढें होतें. दोन मनोरे सारख्या घडणीचे व एकाच पायावर उभे असले, तर दोघांची ही गति जवळजवळ एकच असते. पहिल्याचा कंप खालच्या बांधकामांतून दुसऱ्यास पोंचतो. धक्का अगदीं हलका असतो; परंतु तो दरवेळीं नेमक्या क्षणीं येतो, आणि दुसऱ्याचें डोलणें वाढत जातें. १६६५ सालीं हॉलंडमधील शास्त्रज्ञ हायगेन्स याला एकाच आधारावर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक परस्परांशीं मेळ साधतांना दिसले. तेथेंही कंप असाच आधारांतून जात होता.

पाश्चात्य देशांत हलणारें शिल्प रूढ झालें तें विसाव्या शतकांत. अलेक्झांडर काल्डर हा अमेरिकन शिल्पकार शिक्षणानें इंजिनियर होता. त्यानें तारेवर तोललेले पत्रे वाऱ्याच्या झुळुकेनें हलत. १९५५ सालीं अहमदाबादेस राहून त्यानें तेथेंही शिल्पें घडविलीं. त्याच शहरांत सीदी बशीरच्या मशिदीचे झुलते मनोरे पंधराव्या शतकापासून उभे आहेत. कला आणि यंत्रविद्या यांचा जो संगम काल्डरनें पत्र्यांत साधला, तो आपल्याकडील अनाम गवंड्यांनीं ओळंबा आणि थापी घेऊन इमारतींत साधला होता.

मात्र जें डोलतें तें झिजतेंही. प्रत्येक हेलकाव्यानें बांधणीचे सांधे थोडे सैल होतात. अहमदाबादेंतच राजबीबीच्या मशिदीचा एक मनोरा इंग्रजी अमदानींत रहस्य शोधण्यासाठीं उतरविला, तो पुन्हा उभारतां आला नाहीं, असें म्हणतात. सीदी बशीरच्या मनोऱ्यांवर आतां कोणास चढूं देत नाहींत.

झुलत्या मनोऱ्यांपाशीं जाणाऱ्यानें हात लावून परीक्षा पाहण्याचा मोह आवरावा. आखाजीच्या झोक्याचा दोर झिजला तर पुढच्या वर्षीं नवा आणतां येतो. मनोऱ्याचा सांधा निखळला, तर तो पूर्वींसारखा बसविणारा गवंडी आज कोठून आणावयाचा?