शेवाळाचा तराफा लावण्याआधी

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत मांडलेला विषय. बैठकीला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



समुद्री शेवाळाच्या शेतीचा विषय हल्ली प्रत्येक बैठकीत निघतो. बांबूचा तराफा, त्याला दोऱ्या, दोरीला शेवाळाचे तुकडे, दीड महिन्यात काढणी. जमीन नको, खत नको, पाणी तर समोरच. तुम्ही मला विचारता, करायचं का? आज मी हो किंवा नाही सांगणार नाही. हे शेवाळ कुठलं आणि ते मोकळं सुटलं तर काय होतं, एवढं सांगते.

तराफ्यावर बहुतेक वेळा लावतात ते कप्पाफायकस. मूळचं फिलिपिन्सकडचं. त्यातून कॅराजीनन निघतं, ते आइस्क्रीममध्ये, टूथपेस्टमध्ये घालतात. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात साधारण २००० सालापासून आपल्यासारख्याच बचत गटांच्या बायकांनी ही शेती केली. तीन मीटर लांब-रुंद तराफा, ४५ दिवसांत बियाण्याच्या तीन-चार पट माल. हाती पैसा आला, हे खरंच आहे. मी ते कमी लेखत नाही.

पण तिथेच मन्नारच्या आखातात २१ बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातल्या कुरुसडाई बेटाजवळ हे शेवाळ तराफा सोडून प्रवाळांवर वाढतंय, असं शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये नोंदवलं. आता प्रवाळ म्हणजे दगड नव्हे हं! बारीक बारीक प्राण्यांची ती वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यावर प्रवाळ जगतो. वरून जाड शेवाळ पसरलं की ऊन अडतं, पाणी खेळत नाही, गाळ साचतो. खालचा प्रवाळ पांढरा पडतो आणि मरतो. मग त्याच्या फांद्यांत लपणारी लहान मासळी, खेकडे यांचं घरच जातं. शेवाळ कुणाला खात नाही, नुसतं वर बसतं. आपल्या डोंगरावर रानमोडी माजली की खाली गवत उरत नाही, गुरं उपाशी राहतात, तसंच हे.

शिवाय याला बी लागत नाही. लाटेने तुटलेला तुकडा वाहत जातो, जिथे अडकतो तिथे वाढतो. हाताने उपटलं तरी फटीत राहिलेला भाग पुन्हा फुटतो. अमेरिकेच्या हवाई बेटांवर कानेओहे उपसागरात १९७४ मध्ये हे शेतीच्या प्रयोगासाठी आणलं होतं. पुढे ते प्रवाळांवर इतकं पसरलं, की तराफ्यावर पंप बसवून पाणबुड्यांना शेवाळ ओढून काढावं लागलं. वर तिथल्याच जातीचे समुद्री साळू हॅचरीत वाढवून शेवाळ खायला सोडले. एवढा खर्च आपल्या तालुक्यात कोण करणार, सांगा?

मन्नारचा फैलाव थोड्याच जागेत आहे, आवरता येतो, असंही काही शास्त्रज्ञ म्हणतात. असेलही. तरी ही शेती कुठे करायची याची हद्द तमिळनाडू सरकारने २००५ मध्येच आदेश काढून घातली होती.

आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, म्हणून तर मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झालं. आणि ओहोटीला खडकावर कालवं फोडायला, तिसऱ्या काढायला कोण जातं? आपणच. त्या खडकावर परकं शेवाळ बसलं, तर तराफा एका गटाचा आणि नुकसान साऱ्या वाडीचं.

म्हणून साहेब प्रस्ताव घेऊन आले की विचारा: शेवाळाची जात कोणती? बियाणं कुठून येणार? आपल्या खडकांवर वाढणारी जात चालेल का? जवळ प्रवाळ किंवा कालवांचे खडक आहेत का, हे कुणी बघितलंय? मला सगळ्यात काळजी जूनची वाटते. पाऊस लागण्याआधी तराफे बाहेर काढायचे, ते कोण काढणार, होडीचा खर्च कुणाचा? एक तराफा जरी उधाणात सुटला तरी तुकडे कुठच्या कुठे जातील. हे तोंडी नको, ठरावात लिहून घ्या.

ज्या गटांकडे प्रस्तावाची प्रत आली आहे, त्यांनी ती पुढच्या बैठकीला आणा. इंग्रजीत असली तर मी वाचून सांगेन, सही त्यानंतर करू.