आपली हक्काची जागा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त माढा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही विद्वान वक्ता नाही. गिरणीतला कामगार आहे. जे वाचलं, जे पाहिलं, ते सरळ शब्दांत मांडणार आहे.

एक प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. कामावरचे सहकारी विचारतात, शेजारी विचारतात, आणि अलीकडे आपली शिकलेली पोरंसुद्धा विचारतात. "आता सगळं खुलं झालं. घटनेनं समानता दिली. मग तुमचं विहार वेगळं, वसतिगृह वेगळं, सभा वेगळी कशाला? वेगळे तर तुम्हीच राहता!" हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याचं उत्तर द्यायलाच मी आज उभा आहे.

पहिली गोष्ट ही की, वेगळं टाकलं जाणं आणि आपली जागा असणं, या दोन गोष्टी एक नाहीत. गावकुसाबाहेरची वस्ती आपण निवडली होती काय? ती जागा दुसऱ्यानं ठरवली, तिचं नाव दुसऱ्यानं ठेवलं. जातीवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७३ वर्षांनी! आणि हे विहार? हे आपण वर्गणी काढून बांधलं. याचं नाव आपण ठेवलं. इथं कुणालाही दाराबाहेर उभं केलं जात नाही. वस्ती ही शिक्षा होती, विहार ही निवड आहे. हा फरक ज्याला कळला, त्याला निम्मं उत्तर मिळालं.

दुसरी गोष्ट. बाबासाहेबांनी सार्वजनिक जागेवरचा हक्क कधी सोडला नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. पण त्याच्याही आधी त्यांनी काय केलं? २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि त्या सभेने ४ जानेवारी १९२५ ला वसतिगृह काढलं ते आपल्या सोलापुरात! याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान पाहिजे. त्याच १९२४ साली शेजारच्या बार्शीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली, तिचे अध्यक्षही बाबासाहेबच होते.

वसतिगृह आधी का? खेड्यातला पोरगा हायस्कुलात नाव घालायला शहरात आला, तर तो राहणार कुठं? त्याला खोली कोण देणार? शाळेचं दार कायद्याने उघडलं तरी रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर ते दार उघडून काय उपयोग? म्हणून सार्वजनिक जागेवरचा हक्क हा एक पाय, आणि आपली स्वतःची जागा हा दुसरा पाय. एका पायावर माणूस उभा राहील, पण चालणार नाही.

पंढरपूर इथून लांब नाही. तिथं चोखोबांची समाधी कुठं आहे? महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. शेकडो वर्षं भक्त आत आणि चोखोबाची लेकरं बाहेर! १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं. गुरुजींचे उपकार आपण मानतो. पण रमाईंनी पंढरपूरला जायची इच्छा बोलून दाखवली तेव्हा बाबासाहेब काय म्हणाले, हे चरित्रात नोंदलेलं आहे. जे पंढरपूर आपल्याला देवापासून दूर उभं करतं, तिथं कशाला जायचं, आपण दुसरं पंढरपूर उभं करू, असा त्याचा आशय होता. आणि गाडगेबाबांचं मोठेपण बघा! त्यांनी पंढरपुरातली आपली इमारत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला वसतिगृहासाठी देऊन टाकली. देवळाच्या गावात पोरांना अभ्यासाला हक्काची जागा मिळाली. मला तर तेच दुसरं पंढरपूर वाटतं.

आता माझ्या गिरणीची गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं हजारोंनी होती. पण विणकाम खात्यात, जिथं मजुरी जास्त, तिथं त्यांना घेत नसत. का? तर नवी कांडी घातल्यावर सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागे, आणि आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्या विणकऱ्याला चालत नसे! लाल झेंड्याखाली, एकाच संपात, एकत्र उपाशी राहणाऱ्या कामगारांत ही स्थिती! १९२८ च्या संपाच्या वेळी ही बंदी उठवण्याची मागणी बाबासाहेबांना लावून धरावी लागली. यातून धडा घ्या. एकजूट पाहिजेच, मीही युनियनचाच माणूस आहे. पण आपलं दुःख मांडायला आपली बैठक नसेल, तर मोठ्या बैठकीत त्या दुःखाचा ठराव होत नाही.

हे फक्त आपल्याच देशात घडलं असं नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांशी आपलं नातं जुनं आहे. तिथली गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली. तिथं फिलाडेल्फिया शहरात अठराव्या शतकाच्या अखेरीस काय घडलं ऐका. गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळी माणसं गुडघे टेकून प्रार्थना करत होती. त्यांच्या पुढाऱ्याला प्रार्थना पुरी व्हायच्या आत धरून उठवलं, जागा सोडायला सांगितली. देव एक, ग्रंथ एक, तरी ही तऱ्हा! ते सगळे बाहेर पडले. त्यांच्यातले रिचर्ड अ‍ॅलन, जन्माने गुलाम. त्यांनी स्वतःच्या जमिनीवर एक जुनं लोहाराचं दुकान ओढून आणलं आणि १७९४ साली त्यात आपलं चर्च सुरू केलं. ती जमीन आजही त्यांच्याच लोकांच्या मालकीची आहे.

अशा जागांचं पुढं काय झालं? डिसेंबर १९५५ मध्ये मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स बाईंनी बसमधली जागा सोडायला नकार दिला. काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. सभा कुठं भरल्या? चर्चमध्ये. माणसांना कामावर नेण्यासाठी मोटारींची व्यवस्था कुठून झाली? चर्चमधून. बसमधली सार्वजनिक जागा जिंकली ती आपल्या जागेच्या बळावर! त्यांचा बहिष्कार चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ ला, आपण नागपूरला दीक्षा घेत होतो. शत्रूलाही या जागेचं बळ कळतं. म्हणून तर १९६३ साली बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुलींचा जीव घेतला. नुसत्या विटा-मातीला कुणी भीत नाही.

आपल्या जागेत असं काय असतं? इथं आवाज खाली करून बोलावं लागत नाही. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या रानात मान खाली घालून राबलेली बाई इथं माईकवर त्रिशरण-पंचशील म्हणते. ज्याला कुणी कधी अध्यक्ष केलं नाही, तो इथं सभा चालवायला, इतिवृत्त लिहायला, जमाखर्च ठेवायला शिकतो. ही लोकशाहीची शाळा आहे. इथं शिकलेला माणूस ग्रामपंचायतीत, पतपेढीत, युनियनमध्ये ताठ उभा राहतो.

पण बंधूंनो, आज गोड बोलून मी खाली बसलो तर ते बरोबर होणार नाही. विहाराचं कुलूप जर १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि ६ डिसेंबर एवढ्यालाच निघत असेल, तर ती जागा आपली नाही, ती कुलपाची आहे. समितीत बायका नसतील, त्यांनी फक्त खीर वाटायची असेल, तर त्यांच्यासाठी आपणच महाद्वार बंद केलं. मातंग, चर्मकार, होलार, भटके बांधव इथं आले आणि त्यांना परकं वाटलं, तर आपण दुसरी वस्ती बांधली, विहार नाही. भगवंतांनी न्हावी असलेल्या उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, हे आपण दरवर्षी प्रवचनात ऐकतो. ते समितीच्या यादीत दिसलं पाहिजे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, विहार रोज संध्याकाळी दोन तास उघडं ठेवा. घरात जागा नसलेल्या पोरी-पोरांना अभ्यासाला बसू द्या, आणि शासनाने छापलेले बाबासाहेबांचे खंड कपाटाबाहेर टेबलावर ठेवा. दोन, समितीत निम्म्या जागा महिलांना द्या, सही करायच्या जागासुद्धा. तीन, वर्गणीचा हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहा. पैशाच्या संशयाने जितक्या संस्था मोडल्या, तितक्या शत्रूने मोडल्या नाहीत.

कुणी विचारलं, "तुमचं वेगळं कशाला?" तर चिडू नका. त्याला हाताला धरून विहारात आणा, सतरंजीवर शेजारी बसवा, आणि सांगा, "आम्हाला तुमच्यापासून पळायचं नाही. तुमच्या बरोबरीने उभं राहायचं आहे. त्याची तयारी आम्ही इथं करतो."

एवढं बोलून मी माझे शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!