तापमापक कोठे ठेवला होता?



लिबियातील अल अझिझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. पृथ्वीवरील उच्चांक म्हणून हा आकडा नव्वद वर्षे पुस्तकांतून छापला जात होता. जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली तो अग्राह्य ठरविला.

आपण ज्याला तापमान म्हणतो ते हवेचे. भुईचे अथवा भिंतीचे नव्हे. त्यासाठीच दीपगृहे बांधणाऱ्या टॉमस स्टीव्हन्सन यांनी (कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे हे वडील) झडपांची पांढरी लाकडी पेटी योजली. ती जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, उघड्या जागी असावी लागते. आपल्याकडे तिचे दार उत्तरेस ठेवतात, म्हणजे उघडताना ऊन आत शिरत नाही. परंतु हीच पेटी भिंतीलगत ठेवली, तर दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता परत देते आणि पहाटेचा गारवाच नोंदीतून नाहीसा होतो. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सर्वांत निकृष्ट जागी निव्वळ जागेमुळे ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो, असे मानले आहे.

अझिझियाचे केंद्र इटालियन लष्करी ठाण्यात, डांबरासारख्या पृष्ठभागावर होते. आसपासच्या वाळवंटी भुईशी त्याचे साम्य नव्हते. भरीस भर म्हणजे निरीक्षक नवखा. तापमापकातील दर्शक सळईचे खालचे टोक वाचावयाचे, त्याने वरचे वाचले असावे. एवढ्यानेच सुमारे ७ अंश वाढतात. मूळ नोंदवहीचे पान उपलब्ध झाले, त्यात ११ सप्टेंबरपासून कमाल-किमान आकडे चुकीच्या रकान्यांत पडलेले आढळले. शेजारच्या केंद्रांच्या नोंदींशीही तो आकडा जुळेना.

केंद्र हलविले की नोंदीत एकदम पायरी दिसते. ती ओळखणे त्या मानाने सोपे. भोवती हळूहळू शहर वाढते, तेव्हा मात्र शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहावे लागते. यावरून तापमानवाढच खोटी, असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला तो मान्य नाही. शहरांपासून दूर असलेल्या केंद्रांवर आणि खुद्द समुद्रावरही ती वाढ दिसते.

अझिझिया बाद झाल्यावर उच्चांकाचा मान अमेरिकेतील डेथ व्हॅलीकडे गेला: १० जुलै १९१३, ५६.७ अंश. त्या नोंदीविषयीही काही अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत.