बंदराची खोली आणि आपला कांदा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बंदरावर बोलणार म्हटल्यावर काहींनी विचारलं, समुद्राशी आपलं काय देणंघेणं? निफाडचा कांदा, दिंडोरीची द्राक्षं कुठून जहाजावर चढतात? न्हावाशेव्याहून.

ते बंदर १९८९ साली सुरू झालं. तिथला गाळ सारखा उपसावा लागतो. आता डहाणूजवळ वाढवणला वीस मीटर नैसर्गिक खोलीच्या पाण्यात नवं बंदर व्हायचं आहे. खर्च ७६,२२० कोटी; जून २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. एवढी खोली कशाला? जहाज जितकं मोठं, तितकं भरल्यावर पाण्यात खाली बसतं. वीस-बावीस हजार कंटेनरचं जहाज उथळ बंदराला लागत नाही. मग माल लहान जहाजानं कोलंबोला न्या, तिथं उतरवा, दुसऱ्यावर चढवा. भाडं वाढतं, दिवस जातात. द्राक्ष शून्य अंशाजवळ ठेवलं तरी देठ सुकतोच. हे आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो, पण पटलं ते बागाईतदाराचा माल परदेशात नाकारला गेला तेव्हा.

म्हणून मोठं बंदर आम्हाला हवं आहे. पण ८ डिसेंबर २०२३ आठवा. कांद्याची निर्यात बंद! ती उठली ४ मे २०२४ ला. तीही टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. त्या काळात न्हावाशेव्याचं पाणी काही आटलं नव्हतं. दिल्लीचा एक कागद पुरला.

आता जरा अवघड गोष्ट. जानेवारी १९८४ मध्ये उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीचा भाव मागितला, तेव्हा गोळीबारात पाच जण गेले. बंदराला जमीन देणारे पुढे साडेबारा टक्क्यांसाठी वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. आज वाढवणचे मच्छीमार विरोधात उभे आहेत. समुद्रात साडेचौदाशे हेक्टरांवर भराव पडणार आहे. त्यांचा सातबारा नसतो, म्हणून मोबदल्याच्या हिशेबात त्यांना धरायचं कसं हेच सरकारी बाबूला कळत नाही. आपलं भाडं वाचावं म्हणून त्यांचं जाळं रिकामं राहिलं, तर आम्हाला ते मान्य नाही.

आजच्या ठरावात दोन्ही मागण्या घालू. हंगामात निर्यातबंदी नको, आणि भराव पडण्याआधी मच्छीमारांचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. पालघरला तीन-चार जणांनी जायला हवं. कोण येतंय, नावं सांगा.