बांधावरची रानतूर



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील वाटचाल' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. आता घरटी एक पोरगं आयटीत आहे, त्यामुळे त्यात मी नवं काय सांगणार? म्हणून विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो दिला, त्याबद्दल आभार. मी एका वेलीविषयी बोलणार आहे. ती घाटनांदूरच्या शिवारात आहे, तुम्ही सगळ्यांनी ती पाहिली आहे, आणि खुरपणीच्या दिवसांत आपल्यापैकी पुष्कळांनी ती उपटलीही आहे.

बांधावर, बरड माळावर, रेल्वे रुळाच्या कडेच्या गवतात ती पसरलेली असते. काटकीसारखी बारीक वेल, जवळ झुडूप असेल तर त्याला विळखे घालत वर चढते, नाहीतर जमिनीवरच लोळते. पान तुरीसारखं त्रिदली, पण तुरीची पर्णिका भाल्यासारखी टोकदार असते, हिची बोथट, टोकाकडे रुंद. बोटांनी चोळून पाहा, मखमलीसारखी मऊ लव लागेल. प्रत्येक पर्णिकेच्या बुडापासून तीन ठळक शिरा निघतात. फूल पिवळं, जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. दहावीला विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर काढलेली ती पतंगासारख्या फुलाची आकृती आठवा: वर पताका, बाजूला दोन पंख, मध्ये नौतल. अगदी तीच रचना. शेंग मात्र एकदा पाहिली की विसरता येत नाही. लांबी दीड ते अडीच सेंटिमीटर, अंगावर दाट, लांब, तपकिरी-सोनेरी केस, आणि दोन दाण्यांमध्ये आडवी खाच. वाळली की शेंग पीळ खाऊन तडकते आणि दाणे लांब उडतात. तूर तशी तडकली असती, तर आपल्या आयांनी शेंगा बडवून डाळ केली नसती. शेंग न तडकणं हा तुरीला माणसाच्या हाताने, शेकडो पिढ्यांच्या निवडीतून आलेला गुण आहे.

आमची आजी हिला 'रानहुलगा' म्हणायची. शेजारच्या काकू 'रानतूर' म्हणायच्या. लहानपणी मला वाटायचं, दोघींपैकी एकीचं चुकतंय. पुढे कळलं, की हाच वाद जगातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांमध्ये दोनशे वर्षांहून जास्त चालला होता.

माझं काम सॉफ्टवेअरचं. एकाच वस्तूला यंत्रणेत तीन नावं पडली की काय गोंधळ होतो, हे रोज बघते. काही वर्षांपूर्वी फोनवरच्या वनस्पती ओळखण्याच्या ॲपमध्ये मी या वेलीचा फोटो टाकला, तर मुख्य नावाखाली जुन्या नावांची रांगच आली. तेव्हापासून जमेल तसं वाचत गेले.

१७५३ साली लिनियसने तिला 'डॉलिकॉस स्कॅराबिऑइडिस' असं नाव दिलं. 'डॉलिकॉस' या प्रजातीत त्याने हुलगाही घातला होता. म्हणजे स्वीडनमध्ये बसलेला लिनियस आणि घाटनांदूरची आमची आजी यांचं एकमत होतं! 'स्कॅराबिऑइडिस' म्हणजे भुंगेऱ्यासारखी. दाणा तळहातावर घेऊन बघा, काळसर, चकचकीत आणि एका कडेला फिकट गाठ. नाव पटतं. पुढे १८३४ साली वाइट आणि आर्नट यांनी 'अटायलोसिया' नावाची नवी प्रजाती केली, आणि तुरीचे हे रानटी भाऊबंद हळूहळू तिच्यात गेले. लागवडीची तूर 'कजानस' या वेगळ्या प्रजातीत राहिली. दोघींमध्ये भिंत कशाची, तर मुख्यतः दाण्यावरच्या त्या फिकट गाठीची. रानटी जातींच्या दाण्याला ती असते, तुरीच्या दाण्याला सहसा नसते.

एवढ्याशा गाठीवर दोन प्रजाती! मला हे वाचताना आपल्याकडचे भावकीतले वाद आठवले.

ही भिंत पाडण्याची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातून झाली, हे मला विशेष वाटतं. पुण्याच्या देवडीकर आणि ठकार या दोघांनी उभ्या वाढणाऱ्या काही अटायलोसियांचा तुरीशी संकर केला आणि गुणसूत्रं तपासून १९५६ साली दाखवून दिलं, की यांचं नातं फार जवळचं आहे. तुरीचीही गुणसूत्रं २२, हिचीही २२. पुढे इतरांनीही संकर केले. शेवटी डच शास्त्रज्ञ व्हान डर मेसन यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर सगळ्या जाती पुन्हा तपासल्या आणि 'अटायलोसिया' पूर्णपणे 'कजानस'मध्ये मिळवली. तेव्हा या प्रजातीत एकूण ३२ जाती झाल्या. आपली वेल आता 'कजानस स्कॅराबिऑइडिस'. म्हणजे अखेर काकूंचं नाव जिंकलं. आजी असती तर मानली नसती, ते वेगळं.

आता, नाव बदलून काय फरक पडतो? आमच्या दादानेही मला हेच विचारलं. फरक असा, की नात्याची खूण नावात आली. तुरीवर काम करणाऱ्या माणसाला घर कुठे शोधायचं ते कळतं.

आपल्या भागात तुरीला काय काय सोसावं लागतं, ते या सभागृहात मी सांगायला नको. मर लागते, वांझ रोग येतो, आणि फुलोऱ्यानंतर शेंगा पोखरणारी अळी. बदनापूरच्या संशोधन केंद्राने मर आणि वांझ रोगाला दाद न देणारे बीएसएमआर-७३६सारखे वाण दिले, त्यावर आपली घरं चालली. अळीचं दुखणं मात्र अजून फवारणीवरच आहे. रानतुरीच्या शेंगेवरच्या त्या दाट केसांचा उपयोग इथे कळतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था आहे. तिथल्या अभ्यासात दिसलं, की अंड्यातून नुकतीच निघालेली बारीक अळी या केसांच्या जंगलातून शेंगेच्या सालीपर्यंत सहजी पोचू शकत नाही, आणि बऱ्याच अळ्या वाटेतच मरतात. तुरीच्या शेंगेवरही केस असतात, पण त्यांतले काही चिकट स्राव सोडणारे, आणि त्या स्रावाने अळीची भूक उलट चाळवते.

दुसरा उपयोग मला त्याहून सुंदर वाटतो. मक्याचं, कपाशीचं संकरित बियाणं दुकानात सहज मिळतं, तुरीचं का नाही? कारण तुरीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही. संकर करायचा तर प्रत्येक कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, ते एकरभर कोण करणार? मग संशोधकांनी रानतुरीला आई केलं आणि तुरीला बाप. होणाऱ्या रोपाचा पुन्हा पुन्हा तुरीशीच संकर करत गेले. पेशीच्या केंद्रातला मजकूर पिढ्यापिढ्यांत तुरीचा होत गेला, पण केंद्राबाहेरचा पेशीरस आईकडूनच येतो, तो रानतुरीचाच राहिला. या दोघांचं एका बाबतीत जमत नाही: परागकण तयार होत नाहीत. झाड निरोगी, फूल दिसायला नेहमीचं, पण नर वांझ. शेजारी दुसरा वाण पेरला की मधमाश्या परागकण आणून टाकतात आणि संकरित बी आपोआप धरतं. या मार्गाने गुजरातेत जीटीएच-१ हा संकरित वाण २००४ साली आला. त्याच्या पेशीरसाची आई ही रानतूर आहे. इक्रिसॅटने पुढे कजानस कजानिफोलियस ही तुरीला आणखी जवळची रानटी जात वापरूनही हेच केलं.

आता जरा आपल्या मातीकडे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. पुण्या-साताऱ्याची, कोकणाची झाडं त्यात आहेत. बालाघाटावरचं आपलं शिवार त्यात नाही, कारण आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. सरहद्द माणसांची, पण वेलीही यादीबाहेर राहिल्या! औरंगाबादच्या विद्यापीठातले व्ही. एन. नाईक यांनी मराठवाड्याची वनस्पतिसंपदा नीट ग्रंथात बांधली ती १९९८ साली. आपण तोवर शाळा सोडून गेलो होतो. आपल्या हातात तेव्हा ते पुस्तक असतं तर, असं मला वाटून जातं.

गेल्या दिवाळीत गावी आले तेव्हा दादाने आमच्या दोन तुकड्यांमधला बांध काढायला जेसीबी सांगितला होता. मी म्हटलं, "दादा, हा बांध राहू दे की." तो म्हणाला, "अगं, सोयाबीनच्या चार ओळी जास्त बसतात. आणि तुझी ती रानतूर उद्या माझी तूर वाचवणार आहे का?" मी खरं ते सांगितलं, की उद्या नाही, आणि तुझी तर नाहीच. तो म्हणाला, "मग ज्याला पाहिजे त्यानं येऊन कुंपण घालावं." त्याच्या बोलण्यात चूक काढता येत नाही. सोयाबीनला जो भाव मिळतो, त्यात चार ओळींचा हिशेब करावाच लागतो, आणि जैवविविधतेचं व्याख्यान देणारी बहीण पुण्यात पगारावर आहे.

मी त्याला एवढंच सांगितलं की पाटणचेरूच्या बीजपेढीत तुरीचे १३ हजारांहून अधिक नमुने जपून ठेवलेत, रानटी जातींचेही आहेत. पण आमच्या भाषेत ते बॅकअप आहे. ज्या दिवशी बी गोळा केलं, त्या दिवशी वेल जशी होती तशी ती शीतगृहात थांबते. बांधावरची वेल थांबलेली नसते. आपल्याकडचे लागोपाठचे दुष्काळ, दर काही वर्षांनी येणारी नवी कीड, हे सगळं ती दर पावसाळ्यात सोसते आणि जी टिकते तिचंच बी पुढे पडतं. तणनाशकाने आणि जेसीबीने एकदा बांध साफ केला, की त्या शिवारातली ती ओळ तिथेच तुटते.

दादाने बांध काढला. कडुलिंबाखालचा पाच-सहा पावलांचा तुकडा तेवढा राहिला, तोही माझ्यासाठी नाही, तिथे ट्रॅक्टर वळत नाही म्हणून. यंदा तिथे दहा-बारा वेली आहेत. मी त्यातली एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवली, जाड कागदावर शिवली, गावाचं नाव, तारीख आणि आजीचं 'रानहुलगा' हे नावही खाली लिहिलं. तो कागद आज शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणला आहे. मुख्याध्यापकांनी भिंतीवर लावायचं कबूल केलं आहे.

तुमच्यापैकी ज्यांची शेती अजून गावात आहे, त्यांच्याकडे एक मागणं आहे. फुलं दसरा-दिवाळीच्या सुमारास दिसतात, शेंगा त्यानंतर महिना-दीड महिन्यात पिकतात. शेंग तपकिरी झाली की तडकायच्या आधी, सकाळी दव असताना तोडा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी धरते. कागदी पाकीट घ्या आणि वर शेताचं नाव, गाव आणि तारीख लिहा. घरात तिला काय म्हणतात तेही लिहा. पाकिटं शाळेतच द्या, प्रयोगशाळेच्या कपाटातला खालचा कप्पा त्यासाठी रिकामा करून घेतला आहे.